चिकटविलेले पालुपद

हुमनाबादेच्या अगदी लगत, विरजा व गुरुगंगा ह्यांच्या संगमावर, माणिकनगर वसलेले आहे. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालचा. १८६५ साली ते येथेच समाधिस्थ झाले. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे १८७७ साली, बोलू लागला. तेव्हा प्रभूंचा स्वर यंत्राच्या हाती लागण्याचा संभवच नव्हता. भक्तांच्या हाती राहिली ती त्यांची पदे. मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत रचलेल्या ह्या पदांचे शब्द पोथ्यांनी व छापील संग्रहांनी सांभाळले. चाल मात्र गळ्यातून गळ्यात आली. जुन्या पदसंग्रहांत पदाच्या माथ्यावर राग व ताल लिहिण्याची रीत आहे खरी. परंतु ‘राग खमाज, ताल दादरा’ एवढ्यावरून चाल कळते असे कोणी म्हणू लागला, तर त्याला ‘रवा, तूप, साखर’ एवढ्या तीन शब्दांवरून शिरा करून दाखवावयास सांगावे.

ही गळ्यातली चाल आता घरोघरच्या संगणकांत उतरू लागली आहे, आणि तेथे तिचे काय होते हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एक माईक, एक लहानसे साउंड कार्ड, कानाला हेडफोन, आणि संगणकावर ऑडॅसिटी, रीपर किंवा तत्सम एखादे सॉफ्टवेअर, एवढ्या सामग्रीवर आज कोणासही घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करता येते. ऑडॅसिटी तर २००० सालापासून विनामूल्य मिळते. १९०२ साली गेसबर्गसाहेब तबकड्यांसाठी कलकत्त्यास गायकांचे आवाज टिपावयास आले, तेव्हा भल्यामोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून तीन मिनिटांच्या आत गाणे आटोपावे लागे. कोणाची तबकडी निघावी हे कंपनीने ठरवावयाचे, आणि ती काढू द्यावी की नाही हे गवयाने. अल्लादिया खाँसाहेब व भास्करबुवा बखले ह्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही, ही हळहळ आपल्या संगीतात अजून शमलेली नाही. अशा स्थितीत, जिने आयुष्यात स्टुडिओचा दरवाजा पाहिला नाही अशा एखाद्या गृहिणीला, पूजा आटोपल्यावर आपल्या सासूकडून शिकलेले पद स्वतःच्या घरात मुद्रित करता यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. यंत्राविषयी जे पुढे लिहावयाचे आहे ते हा उपकार मनात ठेवूनच.

दत्तजयंतीच्या सुमारास अशी घरी केलेली ध्वनिमुद्रणे हातोहात फिरू लागतात. कोणा एका गायकाचे वा गायिकेचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. दोष सार्वत्रिक आहे, आणि तो बहुधा भक्तीच्या अभावातून उपजलेला नसून कामाच्या क्रमातून उपजलेला आहे. हा क्रम असा: आधी संगणकात ठोक्याची टिकटिक लावावयाची, ज्याला क्लिक म्हणतात, तिच्यावर तबल्याचा एक तयार तुकडा अंथरावयाचा, मग तानपुऱ्याचा स्वर व पेटी, शेवटी कानावर हेडफोन चढवून एकट्याने एकेक ओळ गावयाची, चुकली की पुन्हा गावयाची, आणि पालुपद एकदा चांगले साधले की तेच उचलून प्रत्येक चरणामागे चिकटवावयाचे. हा क्रम चित्रपटगीताच्या कारखान्यातून आलेला आहे. तेथे तो शोभतो. पदाला तो का शोभत नाही, हे शेवटच्या कृतीपासून, म्हणजे ह्या चिकटवण्यापासून, पाहू लागल्यास चांगले उमगते.

पालुपद ही आपल्या पदरचनेतील एक विलक्षण गोष्ट आहे. छापील पुस्तकात ते एकदाच असते. त्याच्यापुढे ‘ध्रु.’ ही खूण असते, आणि पुढल्या चरणांच्या शेवटी ते पुन्हा छापलेले नसते. फार तर त्याचा पहिला शब्द असतो. ही छापखान्याची जागेची काटकसर आहे. गाण्यात ती काटकसर नाही. कीर्तनकार वा भजनी बुवा चरण गाऊन थांबतो तेव्हा मागचे साथीदार ध्रुवपद ‘धरतात’. हे क्रियापद फार अर्थपूर्ण आहे. धरणारा मनुष्य समोर चाललेले ऐकून धरतो. बुवाने चरण कोठे सोडला, किती ओढला, आवाज कोठे कापला, हे जाणून धरतो. बुवाने चरणाचा शेवट खालच्या स्वरावर ठेवला असेल तर पालुपद हलकेच उचलावे लागते; वरच्या षड्जावर सोडला असेल तर ते झेलावे लागते. म्हणजे एका पदात चार चरण असतील तर त्या पदाला चार पालुपदे असतात, आणि त्यांचे शब्द तेवढे एक असतात.

अर्थाच्या अंगानेही हेच आहे. आपल्याकडील कितीतरी पदांची घडण अशी असते की, ध्रुवपदात सद्गुरूला हाक मारलेली असते. पहिल्या चरणात त्याचे रूप वर्णिलेले असते. पुढल्या चरणात भक्त आपले अपराध वा आपली दैना सांगतो. आणि शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. प्रभूंच्या पदांत ती ‘माणिक’ अशी असते. आता हीच हाक रूपवर्णनानंतर आली म्हणजे ती स्तुती होते, अपराध सांगून झाल्यावर आली म्हणजे ती काकुळती होते, आणि नाममुद्रेनंतर आली म्हणजे तिच्यात एक विसावा असतो, जणू हाक ऐकू गेली आहे आणि आता ती मारण्याचे कारण उरलेले नाही. हा सगळा प्रवास शब्द न बदलता घडतो, हेच पदकर्त्याचे कौशल्य. गाणाराने तो प्रवास केलाच नाही, एका ठिकाणची हाक उचलून चारी ठिकाणी डकविली, तर पद जेथल्या तेथे उभे राहते. शब्द बरोबर, सूर बरोबर, ताल काटेकोर. तरी ऐकणाराला चौथ्या पालुपदापाशी कंटाळा का येतो, ह्याचे उत्तर येथे आहे. तो कंटाळा पुनरुक्तीचा आहे. देवळात तेच पद वीस मिनिटे चालते आणि तेथे तो येत नाही, कारण तेथे पुनरुक्ती घडतच नसते.

असल्या एका मुद्रणात पालुपदाच्या तिसऱ्या शब्दाशी बाहेरच्या महामार्गावरील मालमोटारीचा भोंगा अस्पष्टसा ऐकू येतो. तो प्रत्येक पालुपदात, त्याच मात्रेवर, तितक्याच निष्ठेने येतो. धरकऱ्यांपैकी ध्रुवपद खरोखर कोणी धरले असेल तर ते त्या मालमोटारीनेच, असे म्हणावयास हरकत नाही.

क्लिकची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. भजनाची लय एका ठिकाणी उभी राहत नाही. ती आरंभी ठाय असते, चरणागणिक किंचित चढते, आणि शेवटी टाळांच्या गजरात जाऊन पोचते. ही चढण कोणी मोजून ठरविलेली नसते; बसलेल्या मंडळींच्या श्वासातून ती येते. संगणकाच्या पडद्यावर मात्र लयीची रेघांची जाळी आधीच आखलेली असते. मिनिटाला ऐंशी म्हटले की पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत ऐंशी. जाळीला लय चढविता येत नाही असे नाही, ती सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. पण मग लय आपण गाण्याआधी ठरवावी लागते, आणि जी गोष्ट गाताना सुचावयाची ती आधी ठरविली म्हणजे ती सुचण्याचे थांबते. गोव्यातील वाचकांना हे घुमटआरतीवरून तत्काळ पटेल. चतुर्थीला घुमट, शामेळ व कांसाळे ह्यांच्या साथीने आरती चढत जाते तेव्हा ती चढण कोणत्या जाळीत बसवावयाची? घुमटाला २०१९ साली गोवा शासनाने राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. त्याचा तो मातीच्या पोटातून निघणारा खालचा हुंकार घरच्या माईकला झेपत नाही म्हणून पुष्कळ मुद्रक तो चेपून टाकतात, आणि उरते ते चामड्यावरचे टकटकणे.

सुराच्या दुरुस्तीकडे आता वळू. १९९७ साली ऑटो-ट्यून निघाले तेव्हापासून बेसूर आवाज सुरात ओढून आणण्याची कला सर्वांच्या आवाक्यात आली आहे. परंतु कोणत्या सुरात? ही यंत्रे मूळच्या मांडणीने सप्तकाचे बारा समान भाग मानून चालतात. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणारा गांधार ह्या समान मापाच्या गांधाराहून सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, खाली असतो. गाणारा तानपुऱ्याशी एकजीव होऊन नेमका गांधार लावतो, आणि यंत्र त्याला ‘चुकलास’ म्हणून वर ढकलते. मींडेचे तर पायऱ्यांत रूपांतर होते. यावर कोणी म्हणेल की पेटीही बारा समान स्वरांचीच आहे, आणि आमच्या देवळांतून ती शंभर वर्षे वाजते आहे. आक्षेप रास्त आहे. ह्याच कारणास्तव १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवले होते, आणि त्या बहिष्काराने भजनाचे काही भले झाले असे दिसत नाही. पण पेटी गाणाराच्या शेजारी बसते; ती त्याच्या गळ्यात हात घालीत नाही. गाणाऱ्याचा गांधार पेटीच्या गांधाराशी किंचित झगडतो, आणि त्या झगड्यातही एक गोडी असते. दुरुस्तीचे यंत्र झगडाच मिटविते. ज्या वृद्ध गळ्याला वरचा पंचम आता पोचत नाही, त्याचे न पोचणे ऐकू येणे हेही त्या पदाचे ऐकणेच आहे, असे मला वाटते. रसिकांत ह्याबाबत मतभेद संभवतो.

घुमाराविषयी थोडेसे. कोरड्या खोलीत गायिलेला आवाज उघडाबोडका वाटतो म्हणून त्यावर रिव्हर्ब चढवितात. ह्या रिव्हर्बच्या यादीत तयार नावे असतात, आणि त्यांत ‘कॅथीड्रल’ हे नाव हमखास असते. तेच निवडण्याकडे भक्तांचा ओढा दिसतो, कारण त्याचा घुमार सर्वांत लांब. म्हणजे दत्ताचे पद जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलसारख्या प्रचंड वास्तूत नेऊन म्हटल्यासारखे होते. त्या वास्तूविषयी आदर आहेच. पण तिच्या घुमारात मराठी जोडाक्षरे विरघळतात, आणि पद हे तर शब्दप्रधान. वस्तुतः ह्या भागातील घराला घुमाराची उणीव नाही. खाली शहाबादी फरशी आहे, आणि शहाबाद काही दूर नाही. तिच्या गुळगुळीत अंगावरून आवाज टाळी दिल्यासारखा परततो. तो घालविण्यासाठी खाली सतरंजी, दारावर जाड पडदा, आणि भिंतीशी गाद्यांची चळत एवढे पुरे. बीदरच्या पठारावरही जांभा दगड आहे, कोकण-गोव्यात चिरे म्हणतात तोच. त्याची गिलावा न केलेली खडबडीत भिंत कोठे शिल्लक असेल तर तिच्यासमोर माईक ठेवून पाहावा, आवाज चांगला विखुरतो.

ह्या सर्वांहून मला अधिक चिंता वाटते ती उच्चारांची. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामी अमलात होते आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. येथील मराठीत कानडी व दखनी ह्यांचा शेजार मुरलेला आहे. घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील मुले कानडी वा इंग्रजी शाळांतून शिकतात, आणि पुष्कळ घरांत मराठी ही आजीशी बोलण्याची व आरती म्हणण्याची भाषा उरली आहे. अशा घरातील पद मुद्रित होताना काय होते? एकेक ओळ दहादहा वेळा गाण्याची मुभा असल्यामुळे गाणारा आपला उच्चार पुण्याच्या तबकडीसारखा करू लागतो. ‘च’ आणि ‘ज’ तपासतो, कानडी वळणाचा हेल खुडून टाकतो. हे यंत्राने सांगितलेले नसते, परंतु यंत्राने दिलेल्या अमर्याद संधीमुळेच हे घडते. एकदाच गावयाचे असते तर तो जसा बोलतो तसा गाता. ज्या संप्रदायाने आपले नावच ‘सकलमत’ असे ठेवले, ज्याच्या गुरूने एकाच गळ्यातून अनेक भाषा गाइल्या, त्याच्या पदांना हुमनाबादेच्या बोलीची लाज वाटावी, हे विपरीत आहे.

येथवर वाचून ‘मग मुद्रण करूच नये काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. करावे, आणि त्वरेने करावे. एकाच पदाच्या दोन घरांत दोन चाली असतात. भालकीकडची एक, कलबुर्गीकडची दुसरी. त्या जाणणारी माणसे ऐंशी वर्षांच्या घरात आहेत. आणि नेमका येथेच चकचकीत मुद्रणाचा खरा उपद्रव होतो. एखादे गोड, ठाशीव, चिकटविलेल्या पालुपदाचे मुद्रण सर्वत्र पसरते. मुले त्यावरूनच पद शिकतात. आणि दोन वर्षांत आजीची चाल ‘चुकीची’ ठरते. घरातल्या घरात, आजी समोर बसलेली असताना, नात तिला म्हणते, “आजी, तुम्ही चुकीचं म्हणताय, असं नाहीये ते.” जी चाल छापील नाही तिला कोर्टात साक्षीदार नसतो. साक्षीदार होणे हेच घरच्या ध्वनिमुद्रणाचे पहिले काम आहे, आणि त्या कामाला सॉफ्टवेअरमधील नव्वद टक्के बटणे लागत नाहीत.

जे लागते ते असे. सर्वांनी एकत्र बसावे: गाणारी, पेटी, टाळ, आणि ध्रुवपद धरावयास निदान चार माणसे. हेडफोन कोणी घालू नये. यंत्रापाशी बसणाऱ्याने तेवढा घालावा. दोन माईक पुरतात, एक गाणारीसमोर व एक सर्वांसमोर. सर्वांत मोठा आवाज शून्य डेसिबलच्या दहाबारा डेसिबल खाली राहील असे पाहावे, म्हणजे टाळांच्या गजरात मुद्रण फाटत नाही. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, २४ बिट व सेकंदास ४८,००० नमुने ह्या मापाने ठेवावी. तिला दर मिनिटाला सुमारे सतरा एमबी जागा लागते, म्हणजे दहा मिनिटांच्या पदाला एकशे सत्तर. आजच्या हिशेबाने ही जागा नगण्य आहे. एमपी३ ही केवळ पाठविण्याची प्रत; तिच्यासाठी मूळ प्रत पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पोथीची झेरॉक्स काढून पोथी रद्दीत घालणाऱ्याहून ते फारसे निराळे नव्हेत. खोकला, मध्येच थांबून “थांबा, दुसरा चरण विसरले” असे म्हणणे, मागून कोणी चरण सुचविणे, हे काहीच कापू नये. चाल कशी शिकविली जाते ते त्याच तुकड्यांत उरते.

हे मुद्रण रूक्ष होईल, तरुण मंडळी ऐकणार नाहीत, ही भीती खोटी नाही. तथापि एकत्र बसून एका दमात गाण्याने रूक्षताच येते असा अनुभव नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर मानवजातीचे जे संगीत अंतराळात धाडले, त्यात केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. ती त्या काळच्या रीतीप्रमाणे साथीदारांसह समोरासमोर बसून गायिलेली आहे. तिच्यातील मुखडा जितक्या वेळा येतो तितक्या वेळा तो निराळा येतो. माणिकनगरास दत्तजयंतीच्या उत्सवात रात्रभर दरबार चालतो, तेथे मोठमोठे गवई सेवा रुजू करतात आणि समोर बसलेली तरुण मुले पहाटेपर्यंत उठत नाहीत. त्यांना कोणी रिव्हर्ब लावून दिलेला नसतो.

दुरुस्त्या केलेली, सजविलेली दुसरी प्रत कोणास करावयाची असेल तर त्याने ती खुशाल करावी. फक्त पालुपद प्रत्येक चरणामागे नव्याने गावे, आणि तिच्या शेजारी मूळ प्रत असू द्यावी. फाइलीचे नाव ‘नवीन १’, ‘फायनल २’ असे न ठेवता त्यात पदाचा पहिला शब्द, गाव, साल, आणि चाल कोणत्या घरातून आली ते असावे. एकाच पदाच्या दोन चाली हाती आल्या तर त्यांतील बरोबर कोणती ह्याचा निवाडा मुद्रण करणाराने करू नये. दोन्ही ठेवाव्यात, एकाच खणात.